भाकरीचा घास उतरेना : कोरड्या तोंडाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

लातूर जिल्ह्यातल्या एका गावातलं हे प्रकरण. ओळख पटू नये म्हणून वय, महिने आणि घरचे तपशील थोडे इकडचे तिकडे केले आहेत. आजार ज्या क्रमाने उलगडला आणि मी ज्या क्रमाने चुकलो, तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

मावशींचं वय ५४. घरची कोरडवाहू जमीन, तूर-सोयाबीन आणि घरापुरती ज्वारी. तीन वर्षांपासून मधुमेह, त्यावर मेटफॉर्मिन. साखर कधी फार उधळलेली नव्हती. माझा दवाखाना तालुक्याच्या गावी. बाजाराच्या दिवशी मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून यायच्या, तपासून घ्यायच्या, बाजार करून परत.

मग तळपायांची आग सुरू झाली. रात्री उठून पाय गार फरशीवर टेकवून बसायच्या. मधुमेहात नसा दुखावल्या की असं होतं, हे काही नवीन नाही. मी रात्री झोपताना अमिट्रिप्टिलिन २५ मिलिग्रॅम सुरू केलं. आग निवली, झोप लागायला लागली. पेशंट खूश, डॉक्टरही खूश.

अडीच महिन्यांनी, श्रावणात, त्या म्हणाल्या, "सायेब, तोंडाला लई कोरड पडायलीय." मी बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर पाहिली. १४८. "साखर बरी आहे मावशी, पाणी जास्त प्या." सगळी भेट मिळून चार मिनिटांची. बाहेर चाळीस माणसं बसली होती, हे कारण आहे. सबब म्हणून चालणार नाही.

सल्ला त्यांनी तंतोतंत पाळला. उशाशी तांब्या आला. मग रात्रीतून चार-चारदा उठणं आलं, कधी कधी दारापर्यंत पोचायच्या आत लुगडं ओलं व्हायला लागलं. लाजेपोटी ही तक्रार माझ्याकडे आली नाही. नात्यातल्या एका बाईंसोबत त्या दुसरीकडे दाखवून आल्या. तिथे त्यांना ऑक्सिब्युटिनिन मिळालं, ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. मूत्राशयाचा आखडतेपणा कमी करणारी ही गोळी. थंडीत नाक वाहायला लागलं तेव्हा गावातल्या दुकानातून सर्दीची गोळी घेतली, तिच्यात क्लोरफेनिरामिन. आधी एक-दोन दिवस, मग सवयीने रोज.

तीन गोळ्या, तीन ठिकाणच्या. एकत्र कुणीच पाहिल्या नाहीत.

अडचण काय होती

जानेवारीत त्या आल्या त्या सुनेला घेऊन. वजन साडेतीन किलोने उतरलेलं. सून बोलकी होती, तिनेच सांगितलं. "येळवशीला सगळे शेतात गेलो. भज्जी, उंडे, सगळं मांडलं. आत्याबाईंनी नुस्ती आंबीलच पिली. भाकरी घेतली की घास तोंडात फिरत राह्यचा. शेवटी बाजूला जाऊन थुंकून आल्या."

मावशी म्हणाल्या, "घास खाली उतरंना सायेब. पानी पिऊ पिऊ पोट फुगायलंय, पर जिभ कोरडी ती कोरडीच."

गव्हाची पोळी तेला-तुपावर कशीबशी सरकते. ज्वारीच्या भाकरीला लाळच लागते; तिच्यात धरून ठेवणारा चिकटपणा नाही, घास बांधायचं काम तोंडाला करावं लागतं. कोरड्या तोंडाची परीक्षा घेताना कोरडं बिस्किट पाण्याविना खाता येतं का, असं विचारायची पद्धत पुस्तकात आहे. आपल्याकडे भाकरी विचारावी, उत्तर लवकर मिळतं.

तोंड तपासायला लाकडी पट्टी आत घातली तर ती गालाच्या आतल्या अंगाला चिकटली. ओढून काढताना कातडीही जराशी ओढली गेली. जीभ उचलायला सांगितली. एरवी तिथे लाळेचं छोटंसं डबकं चमकतं, ते नव्हतं. जिभेवर उभ्या-आडव्या चिरा, मे महिन्यातल्या काळ्या रानासारख्या. खालच्या दोन दातांच्या मुळाशी नवी कीड, ओठांच्या कोपऱ्यात बुरशीचा पांढरा थर.

"गोळ्या आणल्यात का?" म्हटल्यावर सुनेने कॅरीबॅग टेबलावर उपडी केली. मेटफॉर्मिन, माझं अमिट्रिप्टिलिन, ते ऑक्सिब्युटिनिन, सर्दीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. ते पाहून मला माझी निवासी डॉक्टरकीची वर्षं आठवली. का आठवली, ते पुढे येईल.

लाळ येते कशी

हा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण पुढचा प्रत्येक निर्णय इथे अडकलेला आहे.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. प्यायलेलं पाणी झिरपून लाळ होत नाही. लाळग्रंथीतल्या पेशी ती मेहनतीने ढकलतात, आणि पाणी सरळ ढकलता येत नाही म्हणून त्या मीठ ढकलतात; पाणी मिठामागे येतं.

पेशी आपल्या मागच्या बाजूने, रक्ताकडून, क्लोराइड आत ओढून साठवून ठेवते. तोंडाच्या बाजूच्या पडद्यात क्लोराइडसाठी एक दरवाजा आहे, एरवी बंद. घासाचा वास आला, चव लागली की मज्जातंतू अ‍ॅसिटिलकोलीन सोडतो. ते पेशीच्या एम-३ नावाच्या ग्राहीवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनावर, बसतं. त्यातून आत आयपी-३ हा निरोप्या तयार होतो आणि पेशीतल्या कोठारातून कॅल्शियम बाहेर पडतं. शांत पेशीत मोकळं कॅल्शियम बाहेरच्या मानाने दहा हजार पटींनी कमी असतं, त्यामुळे थोडंसं सुटलं तरी मोठी खबर होते. हे कॅल्शियम थेट त्या दरवाजाला जाऊन चिकटतं, दरवाजा उघडतो, क्लोराइड बाहेर धावतं. त्याच्या ऋणभारामागे सोडियम दोन पेशींमधल्या फटीतून येतं आणि त्या मिठामागे पाणी, अ‍ॅक्वापोरिन-५ नावाच्या वेगळ्या वाटेने. पुढे नळीतून जाताना बरंचसं मीठ परत शोषलं जातं, म्हणून लाळ आपल्याला खारट लागत नाही.

कॅल्शियमने उघडणारा क्लोराइडचा दरवाजा असतो हे १९८०च्या दशकापासून माहीत होतं, बेडकांच्या अंड्यांवरच्या प्रयोगांतून. पण तो नेमका कोणत्या प्रथिनाचा, हे सापडायला २००८ साल उजाडलं. त्या एका वर्षात तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी एकाच प्रथिनाकडे बोट दाखवलं : टीएमईएम-१६ए. त्याचंच दुसरं नाव अनोक्टामिन-१. 'अनो' ऋणभारित कणांसाठी आणि 'ऑक्टा' आठ या अर्थी, कारण प्रथिनाचे आठ खंड पडद्यातून आरपार जातात असा अंदाज होता. रचना उलगडली तेव्हा खंड दहा निघाले. नाव तेच राहिलं.

आता निवासी डॉक्टरकीची आठवण. मराठवाड्यात वॉर्डात काम केलेल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा, पावसाळ्यात फवारणीच्या विषाचे पेशंट किती येतात. ऑर्गॅनोफॉस्फरस शरीरात गेलं की अ‍ॅसिटिलकोलीन मोडणारं विकर बंद पडतं. निरोप येतच राहतो, दरवाजे मिटतच नाहीत. तोंडातून फेस, डोळ्यांतून पाणी, अंग घामाने भिजलेलं, छातीत घुरघुर. अशा पेशंटला आम्ही छाती मोकळी होईपर्यंत अ‍ॅट्रोपिन देत रात्री काढल्या. अ‍ॅट्रोपिन त्याच ग्राहीवर जाऊन बसतं आणि निरोप अडवतं. उलट बाजूही पाहिलेली. धोतऱ्याचं बी पोटात गेलेला माणूस : तोंड लाकडासारखं, बुबुळं विस्फारलेली, बडबड सुरू. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिनच्याच कुळातली द्रव्यं असतात.

अमिट्रिप्टिलिन, ऑक्सिब्युटिनिन, क्लोरफेनिरामिन. तिघांनाही त्या ग्राहीवर बसायची कमी-अधिक सवय आहे. म्हणजे धोतऱ्याचा सौम्य डोस मावशींना आम्ही तिघे मिळून रोज देत होतो, आणि त्याची सुरुवात मी केली होती. वॉर्डात जे मला झोपेतही ओळखता आलं असतं, ते ओपीडीत समोर बसून सांगितलं गेलं तेव्हा मी साखर मोजली.

पर्याय

त्या दिवशी समोर पाच वाटा होत्या.

साखर वाढली म्हणून कोरड, ही पहिली. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ७.१ आली. एवढ्या साखरेने लाकडी पट्टी गालाला चिकटत नाही.

दुसरी, मिश्री. मावशी वीस वर्षं मिश्री लावत होत्या. पण तोंड तीन बोटं नीट उघडत होतं, गाल मऊ होते, आत पांढरे पट्टे नव्हते. मिश्री सोडायला सांगायचं होतंच, पण दोष तिच्यावर ढकलून मोकळं होणं बरोबर नव्हतं.

तिसरी वाट औषधांची. चौथी, ग्रंथीचाच आजार. पन्नाशीच्या आसपासची बाई, तोंड कोरडं, म्हटल्यावर स्योग्रेन सिंड्रोम मनात यायलाच हवा. यात शरीराची प्रतिकारशक्तीच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. मी तेव्हा विचारलं, "डोळ्यांत काही?" त्या म्हणाल्या, "वाळू गेल्यावानी वाटतंय. मी म्हनलं चुलीच्या धुरानं आसंल." हे वाक्य श्रावणातल्या भेटीतही मिळालं असतं. विचारलं असतं तर.

पाचवी वाट मुलाने सुचवली. तोंड कसं कोरडं पडतं हे मी कागदावर चित्र काढून समजावत होतो, त्यात कॅल्शियम आलं. तो लगेच म्हणाला, "मग कॅल्शियमच्या गोळ्या चालू करू की, सर." प्रश्न चुकीचा असला तरी वेडगळ नव्हता, नाव ऐकून कुणालाही तसंच वाटेल. पण दरवाजा उघडणारं कॅल्शियम पेशीच्या आतल्या कोठारातलं, आणि ते सोडायचा हुकूम मज्जातंतूकडून येतो. रक्तातलं कॅल्शियम त्यांचं व्यवस्थित होतं. वर आणखी गोळ्या दिल्या असत्या तर बद्धकोष्ठ तेवढं वाढलं असतं, आणि ते आधीच होतं.

मी त्याला मोटारीचं उदाहरण दिलं. विहिरीत पाणी आहे, लाइट आलेली आहे, तरी मोटार उचलत नाही. मग विहिरीत टँकर ओतून काय उपयोग? आधी बघायचं, स्टार्टरचा फ्यूज कुणी काढून ठेवलाय का. फ्यूज बसवूनही उचलली नाही तर मोटार खोलायची. त्याला ते पटलं. तो म्हणाला, "आमच्यात लाइट रात्री येते, एवढाच फरक." मला इथे एक अडचण दिसत होती, जी त्याला सांगितली नाही : दोन्ही बिघाड एकाच वेळी असू शकतात.

निर्णय आणि कृती

सगळ्यात मोठा प्रश्न क्रमाचा होता. त्याच दिवशी स्योग्रेनच्या तपासण्या पाठवायच्या, की आधी गोळ्या काढायच्या?

मोह तपासण्यांचा होता. रक्त लातूरला पाठवलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं. पण निदानाच्या २०१६च्या निकषांत लाळेचं मोजमाप आणि डोळ्यांची शिर्मर चाचणी यांना गुण आहेत, आणि लाळ-अश्रू आटवणारी औषधं चालू असताना हे मोजमाप धरायचं नसतं. औषधं थांबवून पुरेसे दिवस जाऊ द्यायचे असतात. शिवाय पैशाचा प्रश्न. सोयाबीनचा भाव त्या वर्षी पडलेला होता. चार आठवडे थांबायचं ठरवलं. एक मोजमाप मात्र त्याच दिवशी घेतलं, तुलनेला आधीचा आकडा हवा म्हणून.

त्याला यंत्र लागत नाही. सोनार वापरतात तसा छोटा डिजिटल काटा मी घेऊन ठेवला आहे. रिकामा कप तोलायचा, पेशंटने पंधरा मिनिटं मान खाली घालून बसायचं, चघळायचं नाही, बोलायचं नाही, तोंडात जमेल ते कपात सोडायचं. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. मावशींचं भरलं अर्धा ग्रॅम, मिनिटाला ०.०३ मिलिलिटर. मिनिटाला ०.१ किंवा त्याहून कमी म्हणजे लाळ आटली असं धरतात. मग मेणाचा तुकडा चघळायला देऊन पाच मिनिटं पुन्हा मोजलं : दोन ग्रॅम. कमीच, पण शून्य नाही. चघळल्यावर लाळ वाढते याचा अर्थ ग्रंथीत जीव आहे. हा आकडा पुढे फार कामाला आला.

सर्दीची गोळी त्याच दिवशी बंद. ऑक्सिब्युटिनिनही बंद, पण तिथे मावशी अडल्या. "लुगडं खराब व्हतंय सायेब, ती गोळी ऱ्हाऊ द्या." मी सुनेला काम दिलं : आठवडाभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक तांब्यामागे एक रेघ, लघवीला उठल्या की एक टिंब. आठवड्याने कॅलेंडरचा फोटो मोबाइलवर आला. रोजच्या पाच, कधी सहा रेघा. म्हणजे पाच-सहा लिटर पाणी, हिवाळ्यात. मूत्राशय बिचारं आलेलं पाणी बाहेर काढत होतं. कोरडीमुळे पाणी, पाण्यामुळे लघवी, लघवीमुळे गोळी, गोळीमुळे आणखी कोरड. गरज पडली तर मिराबेग्रॉन द्यायचं मनात होतं, ते या ग्राहीच्या वाटेला जात नाही. गरज पडली नाही. तांब्याऐवजी पेल्यातून घोट-घोट पाणी, झोपायच्या आधी दोन तास कमी पाणी, एवढ्याने रात्रीचं उठणं एकदावर आलं.

अमिट्रिप्टिलिन मी एकदम तोडलं नाही. दहा मिलिग्रॅमवर आणून दोन आठवड्यांत बंद केलं आणि पायांच्या आगीसाठी प्रेगाबालिन सुरू केलं. त्यानेही क्वचित तोंड कोरडं पडतं, पण या ग्राहीवर बसून नव्हे. आग थोडी परत आली, हे खरं.

या आगीशीही आपल्या दरवाजाचं नातं आहे, आणि ते मला गमतीचं वाटतं. वेदना वाहून नेणाऱ्या काही चेतापेशींत अनोक्टामिन-१ असतो आणि साधारण ४४ अंशांच्या पुढच्या उष्णतेने तो उघडतो. चेतापेशीत क्लोराइड बाहेर गेलं की पेशी चेतते, 'भाजलं' असा निरोप जातो. ग्रंथीत तोच दरवाजा पाणी हलवतो, चेतापेशीत वीज. आतड्यात लहर निर्माण करणाऱ्या काहाल पेशींतही तोच असतो. उंदरांत तो काढून टाकला तर आतड्याची संथ लय बिघडते. रक्तवाहिन्यांच्या स्नायूत तो उघडला की स्नायू आवळतो. म्हणून हा दरवाजा थेट उघडणारं औषध सरसकट देणं सोपं नाही. एका ठिकाणी हवं ते दुसऱ्या ठिकाणी नको असतं. मावशींचं बद्धकोष्ठ मात्र मी या दरवाजाच्या खात्यावर टाकणार नाही, ते गोळ्यांनी आतड्याच्या स्नायूचा निरोप अडवल्यामुळे होतं. गोळ्या गेल्या, तेही गेलं.

चार आठवड्यांनी काटा पुन्हा काढला. १.२ ग्रॅम. मिनिटाला ०.०८. दुपटीहून जास्त वाढ, मावशींना फरक जाणवत होता, वजन एक किलोने वर. मुलगा म्हणाला, "म्हणजे गोळ्यांमुळेच होतं सगळं." इथे थांबणं सोपं होतं. पण आकडा अजून ०.१च्या खालीच होता, आणि डोळ्यांतली वाळू गेली नव्हती.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी शिर्मर चाचणी केली : पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजते ते पाहायचं. पाच किंवा कमी म्हणजे कोरडे डोळे. मावशींची उजवीकडे चार, डावीकडे तीन. मग रक्त पाठवलं. स्योग्रेनमध्ये सापडणारं अँटी-एसएसए प्रतिपिंड पॉझिटिव्ह. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही निगेटिव्ह. तेही तपासावे लागतात, कारण त्यांच्यातही असं चित्र दिसू शकतं.

ओठाच्या आतून तुकडा काढून तपासायचा का, हा पुढचा प्रश्न. निकषांत प्रतिपिंडाला तीन गुण, शिर्मरला एक, लाळेच्या मोजमापाला एक. पाच झाले, लागतात चार. तुकड्याने निदान बदलणार नव्हतं. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "व्हटाला सुई लावू नका बाई." नाही काढला.

परिणाम

आता उपचार. पिलोकार्पिन हे औषध अ‍ॅट्रोपिनच्या बरोबर उलटं : एम-३ ग्राहीवर बसून ती चेतवतं. पुढची साखळी तीच, आयपी-३, कॅल्शियम, क्लोराइडचा दरवाजा, पाणी. ब्राझीलकडच्या जाबोरांडी या झुडपापासून ते मिळतं. ग्रंथी पूर्ण जळालेली असेल तर ते काहीच करू शकत नाही, कारण उघडायला दरवाजाच उरलेला नसतो. मेण चघळून आलेले ते दोन ग्रॅम इथे कामाला आले. स्योग्रेनमध्ये अनेकदा असं दिसतं की ग्रंथीचा बराच भाग शाबूत असूनही लाळ येत नाही. पेशी आहे, पण निरोप नीट पोचत नाही. अशांना धक्का द्यायला जागा असते.

दमा नाही, हे विचारून घेतलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून काचबिंदूचा धोका नाही हे लिहून घेतलं. औषध तालुक्यात कुठे नव्हतं, मागवायला आठ दिवस लागले. सुरुवात ५ मिलिग्रॅम, दुपारच्या जेवणाआधी अर्धा तास. आठवड्याने रात्रीच्या जेवणाआधीही. गोळी घेतल्यावर तासाभराने मोजलं तेव्हा पंधरा मिनिटांत तीन ग्रॅम भरलं.

मावशींचा स्वतःचा हिशेब वेगळा होता. "आता भाकरी कढीत चुरून खातेय. कोरडी अजून न्हाई जमत." तेवढंच. पूर्वीसारखं ठेचा-भाकरी झालेलं नाही, होईल असं मी म्हटलेलंही नाही.

त्रासही झाला. चैत्र लागला तशी तक्रार आली, घाम. गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासाने कपाळावरून ओघळ. घामाच्या ग्रंथीलाही हाच निरोप लागू होतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात वेगळा घाम कुणाला हवा असतो? मे महिन्यात दुपारची गोळी बंद ठेवून रात्रीचीच चालू ठेवली. लग्नाला जायचं असलं की त्या तीही टाळतात. मी रागावत नाही.

दातांच्या डॉक्टरांनी दोन दात भरले, फ्लोराइडची जास्त ताकदीची पेस्ट दिली. तोंडातली बुरशी मलमाने गेली. डोळ्यांत कृत्रिम अश्रूंचे थेंब. या आजारात लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची, जोखीम वाढते, म्हणून दर भेटीला कानाखालच्या ग्रंथी आणि मानेतल्या गाठी चाचपतो. आतापर्यंत काही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

अमिट्रिप्टिलिन देणं चूक होतं असं मला वाटत नाही. मधुमेहाच्या आगीवर ते स्वस्त आणि चांगलं औषध आहे. पण देतानाच "तोंड कोरडं पडू शकतं, पडलं तर मला सांगा, नुसतं पाणी पीत बसू नका" हे वाक्य जायला हवं होतं. आता ते चिठ्ठीवर मराठीत लिहून देतो.

श्रावणातल्या त्या भेटीत दोन प्रश्न पुरले असते : कोणकोणत्या गोळ्या घेता, आणि डोळ्यांत खुपतं का. निदान पाच-सहा महिने आधी झालं असतं. दात वाचले असते की नाही, सांगता येत नाही. एखादा वाचला असता.

लघवीची तक्रार माझ्याकडे आलीच नाही, यात माझाही वाटा आहे. दवाखान्यात पडद्याआड बसून बोलायला बाई माणूस नाही. पुढच्या आठवड्यात एक नर्स दुपारपर्यंत बसायला लागणार आहे. लातूरच्या एका सहकाऱ्याचं मत वेगळं आहे. तो म्हणतो, जानेवारीतच प्रतिपिंडाची तपासणी करायला हवी होती, त्या एका तपासणीवर गोळ्यांचा परिणाम होत नाही. त्याचं बरोबर आहे. महिनाभर आधी कळलं असतं. मी पैशाचा विचार केला, आणि गोळ्या काढल्यावर सगळंच निवळेल अशी आशाही धरली होती, ती जास्त चुकीची.

मागच्या बाजाराच्या दिवशी मावशी आल्या. मी हात पुढे केला, सुनेने कॅरीबॅग उपडी केली. मेटफॉर्मिन, प्रेगाबालिन, पिलोकार्पिन, डोळ्यांचे थेंब. आणि सर्दीच्या गोळ्यांची पट्टी, दोन गोळ्या फोडलेली.

"शिंका यायल्या म्हनून घेतली की," मावशी म्हणाल्या. "दोनच घेतल्या."